शेवंतीची बिछायत

वडसा,
शुक्रवार, १३ मार्च

प्रिय रश्मी,

जय भीम. माझा फोन उचलायचा नाही, असं तू ठरवलेलं दिसतं. आईचा मात्र पहिल्या रिंगला उचलतेस. तुम्ही दोघी एक गोष्ट विसरता, की मी शेजारच्याच खोलीत असतो, आणि माझे गुडघे साठीचे झाले असले तरी कान अजून पंचविशीतलेच आहेत. "बाबा जवळ हायेत का?" तू विचारतेस, आणि ही बाई माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगते, "नाई, भायेर गेले." मी तिथेच, हातात चहाचा कप घेऊन. व्हॉट्सअॅपवर काही लिहावं, तर तू अंगठा पाठवतेस. बापाला अंगठा! आता माणसानं करावं काय? म्हणून मंडपाची चित्रं काढायच्या वहीतली पानं फाडून हे लिहायला बसलो आहे. संध्याकाळच्या गडचिरोली गाडीचा कंडक्टर लच्छू आईनं तळलेल्या सांबारवडीचा डबा घेऊन जाईल आणि पुढे तुझ्या धानोऱ्याच्या गाडीत देईल. पत्र वेगळं दिलं तर तू ते उशीखाली टाकशील हे मला ठाऊक आहे. म्हणून डब्यातच, झाकणाखाली ठेवतो. तेलाचा डाग पडला तर माझा नाइलाज आहे.

आधी तुझ्या पेशंटबद्दल. शेवंती उभी आहे. पट्टा नाही, टेकू नाही, स्वतःच्या चार पायांवर उभी आहे. डावा पुढचा पाय अजून ओढते. अंगणातल्या फरशीवर मुखरू तिला फिरवतो तेव्हा मी आत बसून ऐकतो. पूर्वी चारही टापा एका मापात पडायच्या, आता एक टाप जरा मागे राहते. परवापेक्षा काल कमी मागे राहिली, कालपेक्षा आज कमी. खांदा हाताला मऊ लागतो. पण नखरे किती वाढलेत म्हणून सांगू! निळ्या बादलीतलं पाणी पीत नाही, कारण त्या बादलीत तू औषध कालवलं होतंस. हिरवी बादली आणली, तर ती आईची कपड्यांची निघाली. त्यावरून घरात जे झालं ते वेगळं. आजारी माणसाचे लाड समजू शकतो, पण ही घोडी आता मुखरूनं हातानं भरवल्याशिवाय चणे खात नाही. तोही म्हातारा भरवतो आणि वर मलाच म्हणतो, "मालक, तुमी तिच्याकडं असं रागानं पाहू नका, तिले समजते."

आणि गावाचं काय सांगावं! वडशात जितकी माणसं, तितके घोड्याचे डॉक्टर निघाले. ज्यांनी आयुष्यात घोडी फक्त नवरदेवाच्या खाली पाहिली, ते येऊन मला स्नायू शिकवतात. एक म्हणतो, मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल चोळ. दुसरा म्हणतो, तेल अजिबात नको, गरम विटेनं शेक. तिसरा येतो, घोडीला बघतो, चहा पितो, "कठीण हाय" म्हणतो आणि जातो. चहा फुकट गेला. सगळ्यांवर कडी केली ती नाटक कंपनीच्या गोपालनं. तुला माहीत आहेच, सीझनमध्ये तो शेवंतीला स्टेजवर राजाच्या एन्ट्रीसाठी नेतो. घोडी पट्ट्यात लटकलेली असताना हा माणूस आला, पाच मिनिटं मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला, "गुलाबभाऊ, आमच्या तिसऱ्या अंकात मरणाऱ्या घोडीचा सीन टाकता येते. तिले अशीच आना ना." तुझी आई हातात झाडू घेऊन उठली म्हणून तो वाचला. मी उठलो असतो तर वाचला नसता.

माझं डोकं या दिवसांत असंच फिरलेलं असतं. कशावरूनही मागचं आठवतं. काल गोदामात बसलो होतो आणि ब्रह्मपुरीचं ते लग्न आठवलं. तू तेव्हा आठ वर्षांची असशील. तुला ठाऊक आहे, मी मुळात वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारा माणूस. बत्तीचा आवाज कानाशी सतत सूं सूं करायचा, आणि तरी मागचे वऱ्हाडी काय कुजबुजतात ते मला ऐकू यायचं. ऐकून ऐकूनच मी धंदा शिकलो. लोक जेवणाला नावं ठेवतात, बँडला ठेवतात, पण सगळ्यात आधी बिछायतीला ठेवतात. म्हणून मी घोडीच्या आधी गाद्या घेतल्या. आठ गाद्यांवर गुलाब बिछायत केंद्र सुरू केलं. आठ गाद्यांत बसणार किती? तेव्हा युक्ती काढली. माणूस बिछायत नेहमी कडेनं बघतो. जोडा काढताना, बसताना नजर कडेवरच असते. म्हणून कडेला दुहेरी गादी टाकायची, मधे एकेरी, आणि वरून पांढरी चादर ढोलाच्या चामड्यासारखी ताणायची. आठ गाद्यांत सोळांचा थाट. ब्रह्मपुरीला नवरदेवाचा काका, हा एवढा मोठा माणूस, थेट मधोमध धपकन बसला. बसल्याबरोबर ओरडला, "काऊन बे गुलाब, गादीत फरशी भरली का तू?" सगळा मांडव हसला. तू तर कडेच्या उंच गादीवर उड्या मारत हसत होतीस. मी पण हसलो. पुढे गाद्या वाढल्या, शंभराच्या वर गेल्या, पण हाताला लागलेली सवय काही गेली नाही. असो. हे मधेच कुठून आलं मला माहीत नाही. लिहून झालं आहे, आता खोडत नाही.

त्या बांबूचा राग मात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाही. जानेवारीत आरमोरीच्या वरातीत त्या दीडशहाण्या पोरांनी घोडीच्या पायाशी फटाक्यांची लड लावली, शेवंती बिथरली आणि मांडवाच्या बांबूवर आदळली. मांडव माझाच, बांबू माझाच, घोडीही माझीच, दोष द्यायला बाहेरचं कोणी नाही. उजव्या मांडीची जखम वरून भरली आणि आतून वाहत राहिली. तू दोनदा धुतलीस. तिसऱ्यांदा बोटानं दाबून पाहिलंस आणि म्हणालीस, आत काहीतरी राहिलं आहे, बेशुद्ध करून उघडावं लागेल. मी म्हटलं नागपूरला नेऊ. तू म्हणालीस, ट्रकमध्ये उभ्यानं एवढा प्रवास करून ती आणखी बिघडेल, मी करते, अजय मदतीला येईल. अजय म्हणजे तुझ्या कॉलेजातला तो मोहर्लीकडे जंगली जनावरांचं काम करणारा. मी मुखरूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की वाघाला झोपवणारा डॉक्टर येत आहे. मुखरू काय म्हणाला आठवतं? "वाघ झोपला तं झोपू द्या मालक. आपली घोडी उठली पाह्यजे."

त्याआधी आठवडाभर तू फोनवर माझं डोकं खाल्लंस. मला कागदावर घोडी काढून पाठवलीस, बाण काढून. चारशे किलोचं जनावर आडवं पडलं, की ते सगळं वजन खालच्या बाजूच्या मांसावर बसतं. बेशुद्धीत रक्ताचा जोरही कमी असतो. दबलेल्या मांसाला रक्त पोचत नाही आणि ते आतल्या आत मरायला लागतं. माणूस झोपेत कूस बदलतो, बेशुद्ध घोडी बदलू शकत नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची. म्हणून तोंडाची म्होरकी काढायची. म्हणून खालचा पुढचा पाय दोरीनं पुढे ओढून धरायचा. म्हणून तासाच्या आत आटपायचं. आणि दहा गाद्या. "दहा, बाबा. एकावर एक, सगळीकडं सारख्या. नव्या घ्या, जुन्या दबलेल्या नको." मी तडकलो होतो. बिछायतवाल्याला गाद्या शिकवतेस का, असं म्हटलं होतं मी. आणि तू हसून म्हणाली होतीस, "नाई शिकवत बाबा, पण या पाहुणीले तोंड नाई, ती तक्रार करू शकत नाई." तुझं हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. इतकी वाक्यं ऐकली आयुष्यात, हेच एक चिकटून बसलं आहे.

ऑपरेशनचा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तरी मी काय पाहिलं ते लिहितो. गोदामात बिछायत तुम्ही यायच्या आधीच तयार होती. तू पाहिलीस, "एक नंबर, बाबा" म्हणालीस. शेवंतीचे डोळे जड झाले, मान खाली आली, आम्ही चौघांनी तिला डाव्या कुशीवर निजवलं. मुखरूनं पाय पुढे ओढून धरला आणि दोरी शेवटपर्यंत सोडली नाही, त्याच्या तळहाताची सालं निघाली. अजयनं सलाईन आणि श्वास सांभाळला. तू मांडी उघडलीस. वीस मिनिटांत सापडेल वाटलं होतं, पण आत राहिलेली बांबूची कमची मांसात वर सरकलेली होती. चिमटा आत जायचा आणि रिकामा यायचा. अजय दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होता. तासाला तो म्हणाला, थांबायचं का? तू म्हणालीस, आता सोडली तर परत उघडावं लागेल. आणखी पन्नास मिनिटं गेली. मग ती निघाली, माझ्या करंगळीएवढी बांबूची कमची, काळी पडलेली. तू ती ताटलीत टाकलीस तेव्हा टिंग असा आवाज झाला, आणि तू घामानं भिजलेली माझ्याकडे बघून हसलीस. मी ती कमची धुऊन तंबाखूच्या डबीत ठेवली आहे. लोकांच्या पोरी बापाला मेडल दाखवतात, माझ्या पोरीनं मला हे दाखवलं.

आणि मग ती घोडी उठेना. मान उचलायची, पुढचे पाय टाकायची, डावा पाय कोपरातून मोडल्यासारखा दुमडायचा आणि पुन्हा खाली यायची. अंगावरून घाम वाहत होता, थरथर होती, डावा खांदा लाकडासारखा टणक झाला होता. बोट लावलं की दात खायची. संध्याकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. ती पाहून तुझा चेहरा जसा उतरला तसा मी तो दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. मेलेल्या मांसाचा रंग रक्तातून तिथे उतरतो, मूत्रपिंड बंद पडू शकतं, असं तू आईला सांगत होतीस आणि बाटलीमागून बाटली लावत होतीस. मग आपण स्टेजचं लोखंडी कैचीचं छत उभं केलं, जनरेटर उचलायची चेन-कप्पी त्याला टांगली, आईनं मांडवाच्या जाड कापडाचा दुहेरी शिवणीचा पट्टा शिवला आणि तिसऱ्या दिवशी शेवंती त्यात उभी राहिली. चार दिवस तू स्वयंपाकाच्या मोठ्या पालथ्या गंजावर बसून होतीस. जेवण तिथेच, चहा तिथेच. मी म्हटलं जरा पड, तर माझ्यावरच डाफरलीस.

तिथेच तू अजयला इंग्रजीत म्हणालीस, माझी चूक आहे, मी फार वेळ लावला. बापाला इंग्रजी येत नाही असं समजून तुम्ही पोरं बोलता. तेवढी मला येते. अजय म्हणाला, वेळ लागला हे खरं, पण यापेक्षा जास्त वेळ पडलेली घोडी मी उठताना पाहिली आहे, रक्ताचा दाब ठीक होता, पाय धरलेला होता, गाद्या चांगल्या होत्या, मग एवढं का झालं ते मला कळत नाही. तेव्हा मी जवळच बादली घेऊन उभा होतो. बादली भरलेली होती, तरी मी ती पुन्हा भरायला बाहेर गेलो.

गावात काय चाललं होतं तेही ऐकून घे. पानठेल्यावर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गुलाबच्या पोरीनं चांगली चालती घोडी बसवली ना राजा. लय शिकवलं तिले." माझी त्यांच्याकडे पाठ होती. मी कसा आहे तुला माहीत आहे. कोणी एक वाक्य बोललं तर मी चार परत देतो, आणि वर पान खिलवून माणूस आपलासा करून सोडतो. त्या दिवशी मी खाली मान घालून चुना मळत राहिलो. घरी आलो आणि विनाकारण मुखरूवर ओरडलो. तो म्हातारा हसला फक्त. त्याचं हसणं मला अजिबात आवडलं नाही.

आणि गेल्या बाजाराच्या दिवशी मी धानोऱ्याला आलो होतो. हो, आलो होतो. तुला न सांगता. तू फोन उचलत नाहीस म्हटल्यावर थेट दवाखान्याच्या दारात उभं राहायचं ठरवलं होतं. आधी चहा घ्यावा म्हणून थांबलो. शेजारी एक म्हातारी, शकुबाई नावाची, मोहफुलाच्या टोपल्या मांडून बसलेली. ती दुसरीला सांगत होती, की तिच्या बैलाचं शिंग मुळातून मोडलं, रक्त थांबेना, म्हणून मॅडमकडे नेला. "मागच्या साली याच मॅडमनं माह्या गोऱ्ह्याले इंजेक्शन देऊन निजवलं, पोटातून एवढा प्लास्टिकचा गोळा काढला. अन या बारी म्हणते, मी जनावर निजवत नाई आता, गडचिरोलीले न्या. अवो, म्हटलं, टेम्पो कुठी भेटते मले? तिच्या डोळ्यांत पानी होतं माय. बैल माहा, अन रडून ती राह्यली." दुसरी म्हणाली, "मॅडम जाऊन राह्यली म्हणते नोकरी सोडून." मी चहा अर्धा टाकला. दवाखान्यापर्यंत चालत आलो, खिडकीतून तू दिसलीस, रजिस्टरवर मान घालून बसलेली, आणि बाहेर एका पोरीच्या कडेवर बकरीचं पिल्लू होतं. मी परत फिरलो. वडशाच्या गाडीत बसून पूर्ण रस्ता स्वतःला शिव्या घालत आलो. दुसऱ्याला घालायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं.

काल आईला तू सांगितलंस, की सोमवारी राजीनामा देणार, पुण्याला पशुखाद्याच्या कुठल्या कंपनीत टेबलाची नोकरी मिळते आहे. भिंतीपलीकडून ऐकलं सगळं. आईनं फोन ठेवला, माझ्या खोलीच्या दारात आली, आणि तशीच निघून गेली. ती माझ्याशी पंधरा दिवसांपासून बोलत नाही. जेवायला वाढते, पाण्याचा तांब्या आदळते, बोलत नाही. का, ते तिनं तुला सांगितलेलं नाही. मी सांगावं म्हणून थांबली आहे.

तर ऐक. त्या बिछायतीत दहा गाद्या नव्हत्या. सहा होत्या. त्याही जुन्या, दबलेल्या. मखमली कव्हराच्या नव्या दहा गाद्या शेजारच्याच खोलीत होत्या, दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी काढून ठेवलेल्या. मला वाटलं रक्त सांडेल, लीद होईल, मखमल जाईल. आणि मी सहा गाद्या आयुष्यभर टाकत आलो तशा टाकल्या, कडेला दुहेरी, मधे एकेरी, वरून पांढरी चादर ताणून. मघाशी सवय लिहिलं ना, ते खरं नाही. चादर ताणताना मला कळत होतं. तू आलीस, दोन्ही कडांवर हात दाबून पाहिलास आणि मला एक नंबर म्हणालीस. शेवंती खाली गेली तेव्हा तुम्ही सगळे तिच्या डोक्याकडे बघत होता. मी ऐकत होतो. गादीवर वजन पडलं की दबका आवाज येतो, तो आला, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक टक्क आला. खांद्याचं हाड फरशीला लागल्याचा. तुमच्यापैकी कोणालाही ऐकू आला नाही, माझ्या या कानांना आला. त्याच क्षणी थांबा म्हणता आलं असतं. पण अजयसमोर, तुझ्यासमोर, बिछायतवाला गुलाब काय सांगणार? मी एक तास पन्नास मिनिटं तो आवाज कानात घेऊन उभा राहिलो. घोडी पट्ट्यात उचलल्याबरोबर धावत जाऊन गाद्या गोळा केल्या, आणि तुम्ही म्हणालात, बाबा किती काम करतात. पण धुवायला कव्हरं सहाच आली. तुझ्या आईनं ती दोनदा मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. मुखरूला तर माझ्या मते त्याच दिवशी कळलं होतं. वेळ तुझ्याकडून लागला, ते तुझं. तेवढं तू ठेव. बाकीचं माझं आहे, आणि ते मी एकोणीस दिवस तुझ्या अंगावर टाकून गावभर चुना मळत फिरलो. अजयला सांग, मधे गादी पातळ होती, त्याला न कळलेलं ते हेच. पानठेल्यावर मी आज सकाळी सांगून आलो, चारचौघांत, मोठ्यानं. आता राजीनाम्याच्या कागदावर तू तुझी चूक असं लिहिलं असलंस, तर तो कागद खोटा आहे, त्यावर सही करू नकोस. मग तुला पुण्याला जायचंच असेल तर जा, मीच गाडीत बसवून देईन. पण खरं कळल्यावर जा. आणि सोमवारी सकाळी दवाखाना उघडा ठेव. त्या दहा मखमली गाद्या टेम्पोत घालून मी धानोऱ्याला आणतो आहे. त्या परत येणार नाहीत, तिथेच राहतील, शकुबाईच्या बैलासाठी, कोणाच्याही जनावरासाठी, तू निजव की तुझ्या जागी येणारा दुसरा कोणी निजवो. मी स्वतः मांडून देईन, एकावर एक, सगळीकडे सारख्या. चादर आणणार नाही. या वेळी मधे हात ठेवून बघ.

तुझाच,
बाबा